ई-रीडर घ्यावा का? मराठी वाचणाऱ्याला खरंच स्वस्त पडतो का?

पाणपोई:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. आम्ही डोंबिवलीला राहतो, घरात मी, नवरा, नववीतली मुलगी आणि माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत, आयुष्यभर वाचत आलेत, रोज दुपारी जेवण झालं की खिडकीपाशी खुर्ची ओढून दोन तास पुस्तक हा नेम, आई गेल्यावर तर तेवढाच आधार उरलाय त्यांना. दीड वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं, पण बारीक टाइप असला की दहा मिनिटांत पुस्तक मिटून ठेवतात आणि "नंतर वाचतो" म्हणतात, आणि ते नंतर काही येत नाही. वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, गुडघ्यामुळे जिना होत नाही, त्यामुळे पुस्तकं मीच बदलून आणते, पण ऑफिसमधून येईपर्यंत आठ वाजतात आणि वाचनालय साडेसातला बंद.

दुसरीकडे खर्च. मागच्या वर्षभरात आम्ही अकरा पुस्तकं विकत घेतली, पावत्या जपून ठेवते म्हणून सांगू शकते, ३,६४० रुपये झाले. शिवाय वाचनालयाची वर्गणी महिना १०० रुपये. आता तीनशे-चारशेच्या खाली धड कादंबरी मिळत नाही. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते ई-रीडर घेऊन टाक, एकदाच खर्च, मग वाचनच वाचन. पण दहा हजार रुपये एकदम घालायचे म्हणजे माझ्यासाठी विचार करण्यासारखी रक्कम आहे, मुलीचे क्लास चालू आहेत. माझा प्रश्न सरळ आहे, जो माणूस ९० टक्के मराठीच वाचतो त्याला हा खर्च वसूल होतो का? आणि म्हाताऱ्या माणसाला ते जमतं का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज.

तळटीप:
ताई, मी सात वर्षं ई-रीडर वापरतोय, पुण्यात असतो, आयटीत आहे, त्यामुळे दिवसभर स्क्रीनच बघतो आणि तरीही रात्री ई-रीडरवर तास-दीड तास वाचू शकतो. आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो कारण बरेच जण टॅबलेट आणि ई-रीडर एकच समजतात. टॅबलेटचा पडदा मागून उजेड फेकतो, सरळ डोळ्यात. ई-रीडरला ई-इंकचा पडदा असतो, त्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण असतात, विजेचा झटका दिला की पाहिजे ते कण वर येतात आणि अक्षर तयार होतं, ते पुढचं पान येईपर्यंत तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग पुष्कळ टिकतं, माझं पंधरा दिवस सहज जातं. दिवा असतो तो कडेला, त्याचा उजेड कागदावर पडावा तसा पडद्यावर पसरतो. उन्हात तर छापील पुस्तकासारखंच दिसतं, गच्चीत बसून वाचा.

बाबांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

आता पैशाचं. किंडल म्हणजे अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, त्याचं साधं ६ इंची मॉडेल २०२२ च्या डिसेंबरात भारतात आलं तेव्हा ९,९९९ ला होतं. ७ इंची पेपरव्हाइट एप्रिल २०२५ ला आलं ते १६,९९९ ला. मोठ्या सेलमध्ये थोडं खाली येतं. तुमच्या गरजेला ६ इंच पुरे, महागड्याच्या मागे लागू नका. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तुमची मैत्रीण म्हणते ते इंग्रजी वाचणाऱ्याला जास्त लागू आहे. मराठी पुस्तकं किंडलवर डिसेंबर २०१६ पासून आली, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम आणि मराठी एकदमच सुरू झाल्या, तेव्हापासून संख्या वाढलीय खरी, पण तुम्ही जे पुस्तक शोधाल ते असेलच असं नाही. माझा अनुभव असा की दहा नावं शोधली तर चार-पाच सापडतात.

चिंचगूळ:
मी उलट बाजूची. घेऊ नका असं म्हणत नाही, पण "स्वस्त वाचन" या शब्दाला आपल्याकडे एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे वाचनालय. मी सांगलीची, लग्न होऊन कोल्हापुरात आले, आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल तर करवीर नगर वाचन मंदिराची मेंबर झाले. १८५० साली सुरू झालेली संस्था आहे ती. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आणि कल्याणला तुमच्या शेजारीच १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. एवढा दीडशे वर्षांचा साठा महिन्याला शंभर रुपयांत उघडा असताना दहा हजार एका डबीत घालायचे?

आणि दिवाळी अंक! त्याचं काय करणार? १९०९ ला मनोरंजन मासिकाचा अंक निघाला तेव्हापासूनची आपली परंपरा. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा ठरलेली रक्कम भरली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत अंक फिरत राहतात. एकेक अंक विकत घ्यायचा तर तीनशे-चारशे रुपये, मी गेल्या वर्षी बावीस अंक वाचले. हिशेब करा.

पाणपोई:
चिंचगूळ ताई, वाचनालय मला सोडायचंच नाहीये, बाबांनीच मला दुसरीत असताना बालविभागाचं कार्ड काढून दिलं होतं. अडचण जिन्याची आणि वेळेची आहे. आणि टाइपची. दिवाळी अंक बाबांना प्राणापेक्षा प्रिय, पण गेल्या दिवाळीत दोन कॉलममधला बारीक मजकूर बघून त्यांनी अंक माझ्याकडे परत दिला, "तूच वाचून दाखव" म्हणाले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्या रात्रीपासूनच हे डोक्यात आहे.

कंदील:
ताई मी एका तालुक्याच्या गावातल्या ब वर्ग वाचनालयात काम करतो. तुमच्या वाचनालयात जाऊन विचारा, बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठ सभासदांना घरपोच पुस्तक देतात, नसेल देत तर सुचवा, एक कॉलेजचा पोरगा सायकलवर शनिवारी फिरला तर वीस घरं होतात. आम्ही तसंच सुरू केलंय, सध्या १४ आजी-आजोबा आहेत, पुस्तक द्यायला गेलं की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत त्यामुळे शनिवार पूर्ण जातो पण मजा येते. यादी ते फोनवर सांगतात. मोठ्या टाइपची पुस्तकं आमच्याकडे वेगळ्या कपाटात काढून ठेवलीत, बाल आणि कुमार साहित्य, संतचरित्रं, जुन्या आवृत्त्या, यांचा टाइप मोठा असतो. पण खरं सांगायचं तर मोठ्या टाइपचं नवीन मराठी पुस्तक फार कमी निघतं, प्रकाशकांना कागद जास्त लागतो, किंमत वाढते. तिथे तुमचं यंत्र आमच्या पुढे आहे हे मी मान्य करतो.

घाटमाथा:
मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे, ई-रीडर नाही, सगळं मोबाइलवर वाचतो. फुकट आणि कायदेशीर काय काय मिळतं ते सांगतो कारण लोकांना माहीतच नसतं आणि मग टेलिग्रामवरून चोरलेल्या पीडीएफ उतरवत बसतात, ते नका करू, लेखकाच्या पोटावर पाय आहे तो.

राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची कितीतरी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, त्यात चरित्रं, इतिहास, भाषेवरची पुस्तकं, जी आज दुकानात शोधूनही मिळायची नाहीत. मराठी विश्वकोश अख्खा ऑनलाइन आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं लेखकांच्या परवानगीने फुकट दिली जातात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेतच, तुमच्या मुलीला उपयोगी. आणि मराठी विकिस्रोत, हे सगळ्यात महत्त्वाचं, इथे स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं पान न् पान टाइप करून तपासून ठेवलीत आणि तिथून ईपब फाइल, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल, सरळ उतरवता येते.

कॉपीराइटचं पण सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यानंतर लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं सगळं लेखन मुक्त झालं. हरिभाऊ आपटे, गडकरी दोघेही १९१९ ला गेले, त्यांचं तर केव्हाचंच. बाबा जुनं वाचणारे असतील तर त्यांना एक रुपया न घालता दोन वर्षं पुरेल एवढं आहे.

तळटीप:
घाटमाथा सर, यादी एकदम बरोबर, पण इथेच खरा खड्डा आहे आणि तो मी स्वतः पडून बघितलाय. तुम्ही म्हणता त्यातलं बरंचसं पीडीएफ आहे. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. मोठ्या पानावर छापलेलं पुस्तक ६ इंचाच्या पडद्यावर आलं की अक्षर मुंगीएवढं होतं, आणि ते वाढवता येत नाही, फक्त झूम करून डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं, दर ओळीला. ई-इंकचा पडदा सरकवताना अडखळतो, काळा पांढरा होतो, पाच मिनिटांत वैताग येतो.

लोक म्हणतात कन्व्हर्ट करा. कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल या आपल्याच भारतीय माणसाने २००६ ला सुरू केलेलं, जगभर वापरतात, मी रोज वापरतो. पण मराठी पीडीएफला ते काही करू शकत नाही, कारण आपली जुनी पुस्तकं श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नाही. दिसायला मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. कन्व्हर्ट केलं की "आई"च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविराम येतात. आणि स्कॅन केलेली असली तर आत मजकूरच नसतो, नुसतं चित्र.

म्हणून ताई, हिशेब करताना "इंटरनेटवर फुकट हजारो पुस्तकं आहेत" हे वाक्य बाजूला ठेवा. ईपब किती आहेत ते मोजा. विकिस्रोतचं ईपब असेल तर सोनं, अ‍ॅमेझॉनच्या सेंड टू किंडल या सोयीने किंडलवर पाठवा, २०२२ पासून ईपब सरळ चालतं, अक्षर मोठं करा, जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात.

निळीशाई:
दोन गोष्टी माझ्याकडून. मराठी ई-पुस्तकांचं दुसरं मोठं दुकान म्हणजे बुकगंगा, तिथे किंडलवर नसलेली बरीच पुस्तकं मिळतात, पण ती त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचावी लागतात, मोबाइल किंवा टॅबवर. किंडलमध्ये ती जात नाहीत. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर मिळतात त्यावर ते अ‍ॅप टाकता येतं पण ते रीडर बरेच महाग. म्हणजे रीडर घेताना तुम्ही नुसती वस्तू घेत नाही, दुकान पण निवडता, हे लक्षात ठेवा.

दुसरं, ई-पुस्तक तुमच्या मालकीचं होत नाही, वाचायचा परवाना मिळतो. २००९ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, हक्कांचा घोळ होता, पैसे परत दिले आणि नंतर माफीही मागितली, पण काढली होती हे खरं. आणि फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोय बंद झाली. माझ्या आजोबांच्या पुस्तकांवर त्यांच्या सह्या आणि तारखा आहेत, "नागपूर, १९६२" असं लिहिलेलं, ते पुस्तक मी वाचलं, आता भाची वाचतेय. ई-पुस्तक असं वारशाने देता येत नाही. ज्यांना पुस्तक घरात राहावंसं वाटतं त्यांनी हा विचार आधी करावा.

कराचं पण बघा, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ई-पुस्तकावर आहे. २०१८ ला १८ टक्क्यांवरून ५ वर आणला तेव्हा कुठे जरा बरं झालं, तेही छापील आवृत्ती असेल तरच.

दूरदेशी:
न्यू जर्सीतून लिहितेय. इथे आमचं गणित वेगळं आहे म्हणून लोक गोंधळतात, अमेरिकेतला भाऊ सांगतो घे घे आणि भारतातली बहीण घेते. इथे गावच्या लायब्ररीचं कार्ड असलं की लिबी अ‍ॅपवरून ई-पुस्तकं फुकट मिळतात, सरळ किंडलवर येतात, मुदत संपली की आपोआप परत जातात, दंड नाही काही नाही. त्यामुळे इथे ई-रीडर वर्षभरात वसूल होतो. किंडलची ही लिबीची सोय अमेरिकेबाहेर नाही. आणि खरं सांगू, सगळं इंग्रजी. मराठी ई-पुस्तक आमच्या काउंटीच्या लायब्ररीत मला तरी एकही सापडलं नाही. मराठीसाठी मी विकतच घेते, आणि त्या बाबतीत ई-रीडरचे माझ्यावर उपकार आहेत, पूर्वी सुट्टीत आले की बॅगेत आठ-दहा किलो पुस्तकं कोंबायची आणि विमानतळावर वजनासाठी साड्या काढून ठेवायच्या. आता रात्री अकराला मनात आलं की अकरा वाजून दोन मिनिटांनी पुस्तक हातात. सासूबाई इकडे सहा महिने येतात तेव्हा तोच त्यांचा विरंगुळा. ७८ वर्षांच्या आहेत, दोन दिवसांत शिकल्या. पाणपोई ताई, बाबांना जमेल की नाही ही शंका मनातून काढून टाका.

चिंचगूळ:
@निळीशाई, ते सही आणि तारखेचं अगदी मनातलं लिहिलंत.

सबस्क्रिप्शनबद्दल कोणी सांगेल का? माझ्या भावजयीने महिन्याला दीडशे-दोनशेच्या आसपास भरून घेतलं होतं, चार महिन्यांनी बंद केलं.

तळटीप:
किंडल अनलिमिटेड असेल ते, दर महिन्याला पैसे भरून त्यातली पुस्तकं वाचायची योजना. मराठीपुरतं मी नाही म्हणेन. मोठ्या प्रकाशकांच्या मला हव्या असलेल्या कादंबऱ्या मला त्यात फारशा मिळाल्या नाहीत, लेखकांनी स्वतः प्रकाशित केलेली पुस्तकं जास्त दिसतात, त्यातली काही खरंच चांगली आहेत, पण निवडत बसावं लागतं. आणि वर्गणी थांबली की पुस्तकं जातात. वर्षाचे दोन हजार धरले तर तेवढ्यात सहा-सात छापील पुस्तकं घरात येतात.

वसुलीचा हिशेब असा मांडा. मराठी ई-पुस्तक छापीलपेक्षा मला सरासरी शंभर-सव्वाशे रुपयांनी स्वस्त पडतं. म्हणजे दहा हजारांचा रीडर वसूल व्हायला ऐंशी ते शंभर पुस्तकं विकत घ्यावी लागतील. तुम्ही वर्षाला अकरा घेता. सात ते नऊ वर्षं लागतील. नुसत्या पैशासाठी घेणार असाल तर नका घेऊ, हे मी ई-रीडरवर मनापासून प्रेम असूनही सांगतोय. बाबांच्या डोळ्यांसाठी घेणार असाल तर हा हिशेबच मांडू नका, कारण चष्म्याचा आपण हिशेब मांडत नाही.

घाटमाथा:
तळटीप यांनी नेमकं सांगितलं. एक मधला मार्ग, सेकंडहँड बघा. लोक हौसेने घेतात आणि कपाटात टाकतात. माझ्या मेहुण्याने साडेचार हजारात घेतला, एक ओरखडा नाही.

निळीशाई:
सेकंडहँड घेताना मात्र डोळ्यात तेल घालून. माझी फसवणूक झालीय. एका खरेदी-विक्रीच्या साइटवरून घेतला, माणूस स्टेशनवर भेटला, चालू करून दाखवला, पैसे दिले, घरी येऊन बघते तर त्याचं खातं काढलेलंच नाही आणि फोन उचलेना. साडेतीन हजार गेले. म्हणून सांगते, समोर बसवून जुन्या मालकाचं खातं काढायला लावा, फॅक्टरी रीसेट करा, आपलं खातं घालून एक फुकटचं पुस्तक उतरवून बघा, मगच पैसे. हरवल्याची तक्रार झालेला असेल तर तो रजिस्टर होत नाही. पांढरं पान उघडून कोपऱ्यात काळे ठिपके किंवा रेघ आहे का बघा, तशी रेघ म्हणजे आतली काच तडकलेली, ती दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. दिवा लावून खोलीत अंधार करून पण बघा. आणि फार जुनं मॉडेल नको.

कंदील:
त्यापेक्षा आधी कोणाचा तरी आठ दिवस मागून आणा ताई. पुस्तक जसं चाळून घेतो तसंच. बाबांच्या हातात देऊन बघा, ते काय म्हणतात ते महत्त्वाचं, आपण सगळे इथे बसून बोलतोय.

पाणपोई:
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. कंदील दादांचं ऐकलं, ऑफिसमधल्या मैत्रिणीचा रीडर दहा दिवसांसाठी आणला. काय झालं ते सांगते कारण पुढे कोणी हा धागा वाचेल त्याला उपयोग होईल.

पहिल्या दिवशी बाबांनी हातात घेतलाच नाही. "पाटी दिसतेय" म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिला. मी काही बोलले नाही. घाटमाथा सरांनी सांगितल्याप्रमाणे विकिस्रोतवरून साने गुरुजींचं एक पुस्तक उतरवून ठेवलं होतं, बाबांनी ते शाळेत असताना वाचलेलं, अक्षर इतकं मोठं केलं की एका ओळीत पाच-सहाच शब्द बसत होते. रात्री तसंच उघडं ठेवून झोपले. सकाळी साडेपाचला पाणी भरायला उठले तर बाबा अंधारात खुर्चीत बसलेले, फक्त त्या पडद्याचा मंद उजेड तोंडावर, चष्मा कपाळावर चढवलेला. चष्म्याशिवाय वाचत होते. मला बघून म्हणाले, "अगं हे तर सगळं दिसतंय." बस एवढंच. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

अडचणी पण आल्या, त्या लपवत नाही. बाबांना सवय आहे बोट जिभेला लावून पान उलटायची, तसंच ते पडद्यावर करतात, ओल्या बोटाने दोन-दोन पानं पुढे जातात आणि मग "मधलं कुठं गेलं?" म्हणून हाक येते. चुकून वरच्या बाजूला बोट लागलं की मेनू उघडतो, त्याने ते घाबरतात. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, उजवीकडे टिचकी म्हणजे पुढे, डावीकडे म्हणजे मागे, वर हात लावायचा नाही. कागद कव्हरच्या आत चिकटवलाय. चौथ्या दिवसापासून हाका बंद.

मंडळाच्या साइटवरची पीडीएफ पण करून बघितली, तळटीप दादा म्हणतात तस्संच झालं, मुंगीएवढं अक्षर, बाबांनी लगेच परत दिला. दिवाळी अंकाची पीडीएफ तर विचारूच नका, चार कॉलम, मधे जाहिरात, अर्ध्या पानावर व्यंगचित्र. ते त्यावर होणारच नाही.

मग मी कागद-पेन घेऊन बसले. नवीन नाही घेत. मैत्रिणीच्याच ओळखीतल्या एका बाईंचा दोन वर्षं वापरलेला ६ इंची मिळाला, ५,२०० ला, निळीशाई ताईंनी सांगितलेलं सगळं त्यांच्या घरी बसून तपासलं, खातं काढलं, रीसेट केला, माझं घातलं, विकिस्रोतची एक फाइल पाठवून बघितली, अंधार करून बघितलं, त्या बाई म्हणाल्या एवढं तर मी मुलीचं स्थळ बघताना नाही तपासलं. वाचनालय चालूच राहणार, घरपोचचं विचारायला शनिवारी गेले होते, तिथल्या बाईंनी नाव लिहून घेतलंय, अजून चार सभासदांनी विचारलं तर सुरू करू म्हणाल्या. आमच्याच सोसायटीत मला तिघं सापडलेत. आणि वर्षाला अकरा छापील पुस्तकं घ्यायचो त्याऐवजी पाच-सहा घेऊ, जी घरात राहावीत अशी, बाबांची सही आणि तारीख घालून. बाकीचं ई-पुस्तक. सबस्क्रिप्शन नाही घेत. दिवाळी अंक मी वाचून दाखवणार, ते आमचं ठरलंय, रोज रात्री एक कथा.

चिंचगूळ:
किती छान. डोळे भरून आले. अंक वाचून दाखवताना मुलीलाही बसवा शेजारी.

दूरदेशी:
ताई, बोटाच्या थुंकीवर उपाय, सासूबाईंना मी रबरी टोकाची ती पेन असते ना मोबाइलला वापरायची, ती दिलीय. शंभर-दीडशेला मिळते. त्याने पान एकच उलटतं. आणि दिवा फार कमी ठेवू नका, दिवसा खिडकीशी बसले तर बंद चालेल.

तळटीप:
एकच सूचना. अपडेट नका थांबवू, पण वायफाय एरवी बंद ठेवा, बॅटरी आणखी टिकेल आणि बाबांचं बोट चुकून दुकानावर पडून काही खरेदी व्हायची भीती नाही. खात्यावर कार्ड जोडलेलं असेल तर काढून ठेवा. मी विकिस्रोतवरच्या तपासून झालेल्या मराठी पुस्तकांपैकी ज्यांचं ईपब नीट उघडतं अशांची यादी करतोय, आत्तापर्यंत १९ झालीत, रविवारी इथेच टाकतो.

पाणपोई:
पेन मागवली दूरदेशी ताई. कार्ड काढलं. यादीची वाट बघतेय दादा, बाबा रोज विचारतात पुढचं कुठलं.

एक राहिलंच सांगायचं. बाबांची एक वही आहे, १९७८ पासूनची, वाचलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, कितव्या पानावर थांबलो आणि कुठल्या तारखेला संपवलं असं लिहितात. रीडरवर अक्षर एवढं मोठं केल्यावर पान क्रमांक काही जुळेना, त्यांना ते दोन दिवस फार खटकत होतं, मला सारखं विचारत होते की मी नेमका कितव्या पानावर आहे. मी खाली कोपऱ्यातला आकडा दाखवला. काल वही उघडी होती टेबलावर, बघितलं तर पेन्सिलीने नीट रेघ मारून लिहिलंय, "मंगळवार, ३७ टक्के."

घाटमाथा:
त्या वहीचं एक पान टाका ना इथे ताई, बाबांची हरकत नसेल तर. १९७८ पासून काय काय वाचलंय ते बघायला आवडेल.

पाणपोई:
विचारते त्यांना. आत्ता वाचतायत, मधे बोललेलं चालत नाही.